आधी साधं आयोडीन मोज

आधी साधं आयोडीन मोज गं, मग किरणोत्सर्गी आयोडीनच्या मागे लाग. फोनवर तू इतक्या भरात होतीस की मला मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही, म्हणून आता निवांत लिहून पाठवतेय. विषय तू छान निवडलास. तापीकाठी राहायचं, शहाद्याला शिकवायचं आणि त्याच तापीच्या पाण्यावर काम करायचं, याचा मला मनापासून आनंद झालाय. पण घाटावर कुणीतरी "काकरापारच्या अणुवीज केंद्राचं पाणी आपल्या नदीत मिसळतं" म्हणालं आणि तू लगेच गायगर काउंटरच्या किमती बघायला लागलीस. तिथे जरा थांब.

पहिल्यांदा नकाशा उघड. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, बऱ्हाणपूर-भुसावळवरून खानदेशात उतरते, आपल्या प्रकाशा गावाशी गोमाई नदीला पोटात घेते आणि पश्चिमेला चालू लागते. पुढे गुजरातेत १९७२ साली बांधलेलं उकाई धरण, आणि त्याच्याही खाली काकरापार. म्हणजे आपलं पाणी काकरापारला जातं, काकरापारचं पाणी आपल्याकडे येत नाही. नदी काही उलटी वाहत नाही. घाटावर पुन्हा कुणी विचारलं तर हे एवढं ठामपणे सांग. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

पण म्हणून "काही संबंधच नाही" असंही सांगू नकोस. ते खरं नाही. काकरापार आपल्यापासून सरळ रेषेत साधारण शंभर किलोमीटरवर, पश्चिमेला, थोडं दक्षिणेकडे आहे. आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा कुठून येतो? नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून. पाणी इथून तिथे जातं आणि चार महिने वारा तिथून इथे येतो. आयोडीनचा स्वभावच उडून जाण्याचा. अपघातात ते वायुरूपात बाहेर पडतं, हवेबरोबर चालतं आणि पावसाच्या सरीबरोबर जमिनीवर उतरतं. त्यामुळे तुला प्रश्न विचारायचाच असेल तर तो नदीच्या प्रवाहाकडे बघून विचारू नकोस, वाऱ्याकडे आणि पावसाकडे बघून विचार. नदीत तो पाऊस नंतर येतो, गोमाईतून, शेतांतून, नाल्यांतून. तुझ्या अख्ख्या कामाची मांडणी या एका गोष्टीने बदलते.

काकरापारला ११ मार्च २०१६ रोजी पहिल्या युनिटमध्ये शीतक वाहून नेणाऱ्या नळीतून गळती झाली होती, तेव्हा तू लहान होतीस. फुकुशिमाला बरोबर पाच वर्षं त्याच दिवशी पूर्ण होत होती, म्हणून लोकांचे धाबे जास्तच दणाणले. अणुभट्टी बंद केली गेली आणि परिसरातल्या किरणोत्सर्गाची पातळी नेहमीसारखीच असल्याचं अधिकाऱ्यांनी सांगितलं. पुढे शीतक नळ्या बदलून २०१९ मध्ये ते युनिट पुन्हा सुरू झालं. आता तिथे ७०० मेगावॉटची आणखी दोन युनिटं वीज देतात. मला विचारशील तर यात घाबरून जाण्यासारखं काही नाही, पण डोळे मिटून बसण्यासारखंही नाही. नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या लोकांनीही आपली नेहमीची पातळी किती, हे शांततेच्या काळात मोजून ठेवावं असं मला फार वाटतं. उद्या काही झालं तर तुलना कशाशी करणार?

आता आयोडीनकडे वळू. तुझ्या कामात त्याचे तीन भाऊबंद येतील आणि लोक त्या तिघांना एकच समजतात. आयोडीन-१२७ म्हणजे साधं, स्थिर, मिठातलं. आयोडीन-१३१ म्हणजे अणुभट्टीत तयार होणारं. ते दर आठ दिवसांनी अर्धं होतं, ऐंशी दिवसांत हजारावा हिस्सा उरतं. आणि आयोडीन-१२९, ज्याला अर्धं व्हायला १ कोटी ५७ लाख वर्षं लागतात. म्हणजे एक येतं आणि बघता बघता जातं, दुसरं आलं की आपल्या कितीतरी पिढ्यांना पुरून उरतं. मात्र जे इतकं हळू विरतं ते किरणंही तितकीच कमी टाकतं, त्यामुळे धोक्याच्या दृष्टीने १३१ भारी आणि माग काढण्याच्या दृष्टीने १२९ भारी.

हे १२९ पूर्वीपासूनच आहे बरं का. वातावरणाच्या वरच्या थरात विश्वकिरणं झेनॉन वायूवर आदळतात तिथे ते बनतं, जमिनीतल्या युरेनियमच्या आपोआप होणाऱ्या विखंडनातूनही बनतं. अणुयुगाच्या आधी समुद्राच्या पाण्यात साध्या आयोडीनच्या एक लाख कोटी अणूंमागे याचे एक-दोन अणू असत. मग १९४५ नंतर बॉम्बचाचण्या झाल्या आणि त्याहीपेक्षा जास्त भर घातली ती वापरलेलं अणुइंधन पुन्हा प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांनी. फ्रान्समधलं ला हाग आणि इंग्लंडमधलं सेलाफील्ड, या दोघांनी मिळून पाच टनांहून अधिक आयोडीन-१२९ समुद्रात आणि हवेत सोडलंय. चेर्नोबिलमधून बाहेर पडलं ते काही किलो. समुद्रशास्त्रज्ञांनी त्या कारखान्यांच्या आयोडीनचाच धागा धरला आणि उत्तर समुद्रातलं पाणी नॉर्वेच्या कडेने आर्क्टिकपर्यंत किती वर्षांत पोहोचतं ते शोधून काढलं. जे पाण्यात टाकायला नको होतं त्यानेच पाण्याची वाट दाखवली. मला ही गोष्ट वाचून आजही अंगावर काटा येतो, अभिमानाचा आणि दुःखाचा, दोन्ही.

याचा तुझ्या कामासाठी अर्थ असा की "तापीत आयोडीन-१२९ सापडलं" ही बातमीच नव्हे. पृथ्वीवर कुठल्याही पावसाच्या पाण्यात ते सापडेल, फक्त यंत्र तेवढं नाजूक हवं. बातमी असते प्रमाणाची. साध्या आयोडीनच्या किती अणूंमागे हे किती? आणि प्रमाण काढायचं तर छेदात साधं आयोडीन हवंच. तो आकडाच तुझ्याकडे नसेल तर वरचा आकडा कितीही महागड्या यंत्रातून येऊ दे, त्याला अर्थ नाही. म्हणून पहिल्या ओळीत लिहिलं, आधी साधं मोज.

दुसरं कारण मला जास्त जवळचं आहे. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात खरी अडचण किरणोत्सर्गी आयोडीनची नसून साध्या आयोडीनच्या कमतरतेची असू शकते. गलगंड म्हटलं की सगळ्यांना हिमालय आठवतो. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी कांगड्याच्या खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू केला आणि त्यातून १९६२ चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला, हे तू शिकलीच असशील. पण गलगंडाचे पट्टे आपल्या शेजारच्या भरूच जिल्ह्यातही आढळले आणि महाराष्ट्रात औरंगाबादकडेही. डोंगरउतारावरची माती पावसाने वर्षानुवर्षं धुतली जाते, आयोडीन वाहून जातं, मग त्या मातीतल्या भाजी-भाकरीतही ते येत नाही. गरोदर बाईला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम लागतं, एरवी मोठ्या माणसाला १५०. एवढंसं. पण ते न मिळालं तर पोटातल्या बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो आणि तो नंतर कशाने भरून येत नाही.

आणि इथेच साधं आणि किरणोत्सर्गी एकमेकांना भेटतात. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी दोघांत फरक करू शकत नाही. उपाशी माणूस पुढ्यात आलेलं अन्न निवडत बसत नाही, तशी आयोडीनला भुकेलेली ग्रंथी १३१ सुद्धा अधाशासारखी ओढून घेते. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिल झालं, त्या भोवतीच्या बेलारूस-युक्रेनच्या बऱ्याच भागात मुळातच आयोडीनची कमतरता होती. गायींनी गवत खाल्लं, आयोडीन दुधात उतरलं, ते दूध मुलांनी प्यायलं. पुढच्या वीस वर्षांत तिथल्या त्या वेळच्या मुलांमध्ये थायरॉईड कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. शेजारच्या पोलंडने मात्र पहिल्या काही दिवसांतच एक कोटीहून अधिक मुलांना साधं आयोडीन पाजलं, म्हणजे ग्रंथी आधीच भरून टाकली. हा सगळा इतिहास वाचून मी एकच गोष्ट मनाशी धरलीय. धडगाव-अक्कलकुव्याच्या घराघरांत चांगलं मीठ पोचणं हीच आपली रोजची आणि आणीबाणीचीही तयारी आहे.

एक मात्र स्पष्ट सांगते. हे वाचून कुणी आयोडीनच्या गोळ्या घरात भरून ठेवेल, कुणी जखमेवर लावायचं औषध पाण्यात टाकून पिईल. तसं अजिबात होऊ देऊ नकोस. त्या गोळ्या अपघाताच्या आधी किंवा त्यानंतर काही तासांतच कामाच्या, त्याही सरकारी सूचना आल्यावरच. जखमेचं औषध पोटात घेणं तर सरळ विषबाधेला आमंत्रण.

आता नमुने. तू पाण्यातल्या धातूंवर काम केलेलं आहेस म्हणून मला याच ठिकाणी तुझी काळजी वाटते. धातूंसाठी आपण बाटलीत दोन थेंब नायट्रिक ॲसिड टाकतो, हाताला सवयच लागलेली असते. आयोडीनच्या बाटलीत ॲसिड टाकायचं नाही. टाकलंस की आयोडाइडचं आयोडीन होऊन ते हवेत निघून जाईल, आणि प्रयोगशाळेत तू शून्याला शून्याने भागत बसशील. पाणी तिथेच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचं, बाटली त्याच नदीच्या पाण्याने तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची म्हणजे वर हवा राहणार नाही, गडद रंगाच्या पिशवीत गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवायची. हवं तर किंचित अल्कली. आणि त्या दिवशी बोटाला कापलंय म्हणून आयोडीनवालं मलम लावून नदीवर जायचं नाही. डब्यात मीठ-मिरची घेऊन नमुन्यांच्या पेटीशेजारी भाकरी खायची नाही. मिठातल्या आयोडीनचा एक कणसुद्धा तुझा आकडा खोटा पाडायला पुरतो. नदीच्या पाण्यात लिटरमागे मोजून एक ते दहा मायक्रोग्रॅमच्या आसपास आयोडीन असतं गं, आणि समुद्रात पन्नास-साठ.

मोजायला मोठं यंत्र नसलं तरी चालेल. सँडेल-कोल्टॉफची जुनी पद्धत तुझ्या महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेतही जमेल. सेरिक क्षाराचं पिवळं द्रावण, त्यात आर्सेनियस ॲसिड. आयोडाइड असेल तर पिवळा रंग भराभर उडतो, नसेल तर रेंगाळतो. परीक्षानळी प्रकाशासमोर धरून पिवळेपणा उतरताना बघणं, त्याची वेळ टिपणं, यात जी मजा आहे ती आकडा छापून देणाऱ्या यंत्रात नाही. विद्यार्थ्यांना दाखव. फक्त आर्सेनिकचं द्रावण सिंकमध्ये ओतायचं नाही. ते वेगळ्या बाटलीत साठव, नाहीतर नदी तपासता तपासता आपणच नदीत विष सोडायचो.

नमुने कुठे घ्यायचे यावर तुझी आणि माझी वादावादी झालीच आहे. माझं म्हणणं कायम आहे. संगमावर, घाटासमोर घेऊ नकोस. तिथे दोन नद्यांचं पाणी मिसळतंय, शिवाय माणसं अंघोळ करतायत, निर्माल्य पडतंय. गोमाई संगमाच्या बरीच वर असतानाच घे, कारण तिच्यात सातपुड्याच्या पावसाचं पाणी येतं. तापी संगमाच्या वर, वेगळी. मग प्रकाशाच्या बॅरेजमध्ये अडलेलं पाणी, वरचं आणि तळाजवळचं. तिथे पाणी थांबतं, शेवाळ वाढतं, तळाशी प्राणवायू कमी होतो आणि आयोडेटचं आयोडाइड होतं. रूप बदललं की वागणंही बदलतं. आयोडाइड भूजलाबरोबर सहज वाहत जातं, तर सेंद्रिय गाळात अडकलेलं आयोडीन तिथेच बसून राहतं. म्हणून बॅरेजच्या तळाचा गाळही घे. शिवाय नदीकाठच्या गाळाच्या थरातली एक विहीर आणि डोंगराकडची काळ्या पाषाणातली एक बोअर. केळी-पपईच्या बागांमधल्या विहिरींचं पाणी नायट्रेटसाठीही तपास. खरं सांगायचं तर घाटावर पाणी पिणाऱ्याला आज किरणोत्सर्गापेक्षा जंतूंचा आणि शेतातून येणाऱ्या खता-औषधांचा धोका कितीतरी जास्त आहे, आणि हे सांगायला तू कचरू नकोस.

आता १३१ कडे येऊ, कारण प्रकाशाच्या जवळपास खरंच कधी किरणोत्सर्गी आयोडीन सापडलं तर ते बहुधा कुठल्याही अणुवीज केंद्रातलं नसेल. ते औषधातलं असेल. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून थायरॉईडच्या रुग्णांना आयोडीन-१३१ देतात. ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनचा मारा करून ते तयार होतं. कर्करोगासाठी मोठी मात्रा द्यायची तर रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात, त्या खोलीचं सांडपाणी मोठ्या टाक्यांत साठवून किरणोत्सर्ग विरल्यावरच सोडतात. पण ग्रंथी जास्त काम करते म्हणून लहान मात्रा घेतलेला रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. शरीराने न धरलेलं आयोडीन पहिल्या काही दिवसांत लघवीतून निघून जातं. शहरात ते गटारात जातं, गटार नदीत. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या काठी सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या खाली संशोधकांनी हेच वैद्यकीय १३१ मोजलं आणि त्याच्या मदतीने सांडपाणी नदीत कुठवर जातं ते शोधलं. आपल्या तापीलाही पांझरा धुळ्याचं पाणी आणून देते आणि गिरणा जळगावकडचं, हे लक्षात ठेव.

माग काढताना सोबतीला कोण आहे ते बघायचं. १३१ एकटं सापडलं तर संशय औषधावर. बरोबर सीझियम-१३४ आणि १३७ असेल तर संशय अणुभट्टीवर. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये युरोपात अनेक देशांच्या हवेत आयोडीन-१३१ चा अगदी पुसटसा माग लागला, सीझियम मात्र नव्हतं. शोध घेतला तेव्हा बोट बुडापेस्टमधल्या वैद्यकीय समस्थानिकं बनवणाऱ्या एका संस्थेकडे गेलं. आकड्यापेक्षा जोडीदार पाहणं किती महत्त्वाचं ते यातून शीक.

आणि फसायचं नसेल तर हेही. स्वस्तातला सोडियम आयोडाइड शोधक तुला कुणी वापरायला दिला, तर १३१ ची ३६४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेघ आणि शिसं-२१४ ची ३५२ ची रेघ त्यात एकमेकींत मिसळून जातात. शिसं-२१४ हे रेडॉनचं वंशज, सगळीकडे असतं. मृगाची पहिली सर आली की हवेतली ही रेडॉनची पिल्लं पावसाबरोबर खाली येतात आणि गायगर काउंटर एकदम टकटक करायला लागतो. नवखा माणूस लगेच काकरापारला फोन लावेल. तू तोच नमुना दोन तासांनी पुन्हा मोज. रेडॉनवाला विरून गेलेला असेल. तरीही रेघ उरली तर तीच बाटली आठ दिवसांनी मोज. निम्मी झाली, तरच ते आयोडीन-१३१. या दोन मोजण्यांच्या मधल्या आठ दिवसांत तोंड बंद ठेवायचं. कुणी कितीही आग्रह केला तरी.

पाण्यात न सापडणारा माग जनावराच्या गळ्यात सापडतो, हे तर मला तुला कधीचं सांगायचं होतं. आपल्या अणुवीज केंद्रांभोवती भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आहेत. त्या पाणी, दूध, मासे, भाजी तर तपासतातच, पण शेळी-बोकडाची थायरॉईड ग्रंथीही तपासतात. शेळी दिवसभर रानोमाळ चरते, कितीतरी जमिनीवरचा पाला खाते आणि त्यातलं आयोडीन त्या बोटाएवढ्या ग्रंथीत गोळा करते. आपल्याकडच्या आठवडे बाजारातल्या खाटकाशी नीट बोललीस तर तो ग्रंथी काढून ठेवेल. ती बर्फात ठेवायची, आणि कुठल्या गावची शेळी, कुठे चरायची, हे त्याला विचारून तिथल्या तिथे लिहून घ्यायचं. शेळी राखणाऱ्या बाईला रानाची जेवढी माहिती असते तेवढी कुठल्या नकाशात नसते.

१२९ चं काम तुझ्या एकटीने होणार नाही, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पाण्यात आधी ठरलेल्या प्रमाणाचं जुनं, जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून काढलेलं आयोडीन घालतात, कारण त्यात १२९ जवळजवळ नसतं. मग ते सगळं मुक्त आयोडीन करून द्रावकात ओढून घेतात. फनेल हलवून ठेवलं की खालच्या थरात जांभळा-गुलाबी रंग उतरतो. नदीच्या बिनरंगी पाण्यातून तो रंग उमटतो तेव्हा माझ्याच्याने बघितल्याशिवाय राहवत नाही. पुन्हा पाण्यात आणून चांदीच्या क्षाराने फिकट पिवळं सिल्व्हर आयोडाइड खाली बसवायचं, सुकवायचं आणि ती चिमूटभर पूड त्वरकाला द्यायची. त्वरकात ऋण आयन बनवतात. झेनॉन-१२९ चं वजन आयोडीन-१२९ इतकंच, पण झेनॉनचा ऋण आयन टिकतच नाही, त्यामुळे तो आपोआप बाजूला पडतो. किती सुंदर सोय! दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये अशा यंत्रावर कार्बन-१४ आणि बेरिलियम-१० मोजतात. आयोडीनचं करतील का, हे आधी पत्र लिहून विचार, नमुने नंतर पाठव.

आता एक घरातली गोष्ट. आपल्या नात्यातल्या एक काकू किरणोत्सर्गी आयोडीनचं औषध घेऊन गावी आल्या होत्या, आठवतं? त्यांना आठवडाभर गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं, ताट लांबून सरकवलं आणि नंतरही महिनोन् महिने पोरांना त्यांच्याजवळ जाऊ दिलं नाही. त्या एवढ्या खचल्या की औषधाने बरा झालेला आजार विसरून गेल्या. डॉक्टरांनी सांगितलेले नियम साधेच असतात. ठरलेले दिवस वेगळं झोपायचं, लहान मूल आणि गरोदर बाई यांच्यापासून थोडं अंतर ठेवायचं, शौचालयात दोनदा पाणी टाकायचं, ताट-वाटी-टॉवेल वेगळा, पाणी भरपूर प्यायचं. अंगावर दूध पिणारं मूल असेल तर औषधाआधीच दूध बंद. आणि ते दिवस संपले की संपलं. अंतर ठेवायचं ते मांडीवर बाळ घेण्यापुरतं, बोलण्यात नाही. तुला गावात लोक आयोडीनची तज्ज्ञ म्हणून विचारायला येतीलच, तेव्हा आकडे नंतर सांग, आधी अशा बायकांच्या घरी जाऊन ओट्यावर बस आणि सगळ्यांदेखत त्यांच्या हातचा चहा पी.

आकडे सांगायची वेळ आली तर मात्र कसे सांगायचे याचं एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेव. फुकुशिमानंतर २२ मार्च २०११ ला टोकियोच्या कानामाची जलशुद्धीकरण केंद्रातल्या पाण्यात किलोमागे २१० बेकरेल आयोडीन-१३१ सापडलं. तान्ह्या बाळांसाठी मर्यादा १०० ची होती, मोठ्यांसाठी ३०० ची. लोकांना आकडा, मर्यादा आणि काय करायचं, तिन्ही एकत्र सांगितलं: बाळाच्या दुधात नळाचं पाणी घालू नका, मोठ्यांनी प्यायला हरकत नाही. बाटलीबंद पाण्यासाठी दुकानांत झुंबड उडाली हे खरं. पण २४ तारखेला आकडा ७९ वर आला तेव्हा तोही तसाच उघडपणे सांगितला. एकटा आकडा कधीच बाहेर सोडू नकोस. त्याच्याशेजारी मर्यादा आणि करायची गोष्ट नसेल तर तो आकडा चावडीवर जाईपर्यंत दहापट होतो.

तर पावसाळ्याआधी एवढं कर. उन्हाळ्यातलं तापीचं पाणी, गोमाईच्या डोहांतलं पाणी, दोन विहिरी आणि बॅरेजचा गाळ यांचं साधं आयोडीन मोजून काढ. मग पहिल्या पावसाचं पाणी घराच्या पत्र्यावरून न घेता उघड्यावर ठेवलेल्या स्वच्छ प्लास्टिकच्या पातेल्यातून घे. आणि त्याच दिवसांत तुझ्या विद्यार्थ्यांना घरून चिमूटभर मीठ पुडीत बांधून आणायला सांग, धडगाव, तळोदा, अक्कलकुवा, जिथून कुठून पोरं येतात तिथून. मीठ तपासायचा थेंब टाकला की आयोडीनवालं मीठ जांभळं होतं, तो खेळ पोरांना आवडतो. २००६ पासून आयोडीनशिवायचं खाण्याचं मीठ विकायला बंदी आहे, दुकानात ते १५ पीपीएमच्या खाली असायला नको. तरी सुटं, ओलं झालेलं, चुलीशेजारी उघडं ठेवलेलं मीठ किती घरांत आहे ते तुला त्या पुड्या सांगतील. ज्या पुडीला रंग येणार नाही त्या घराचं नाव फळ्यावर लिहू नकोस. तुझ्याच वहीत लिही, त्या पोराबरोबर त्याच्या घरी जा आणि झाकणाचा डबा घेऊन जा. मीठ भाजीत शेवटी टाकायला सांग. डब्यांचा खर्च मी पाठवते, तेवढं मला करू दे.